सहन होईल एवढी माती

बोरमाळ, ता. वसमत
१८ नोव्हेंबर

वरच्या माळावरच्या कास्तकारांनो! दर पावसाळ्यात तुमची माती उतारानं खाली जाते आणि खालच्याच्या रानात काळीभोर होऊन बसते. पीक त्याचं वाढतं, तुमच्या रानात दगड वर येतात. आणि आता वरून लिहून आलंय की हे सगळं तुम्हाला सहन होण्यासारखं आहे!

चि. पल्लवी, जयभीम.

दचकू नकोस. वरच्या ओळी ग्रामसभेसाठी लिहिल्या आहेत. पण त्या आधी तुला ऐकवायच्या होत्या, कारण ज्या अहवालावर मी तुटून पडणार आहे त्याच्याखाली माझ्याच बहिणीच्या लेकीची सही आहे.

फोन काहून केला नाही म्हणशील. परवा केला होता. मी ओरडलो, तू ठेवलास. कागदावर माणूस कितीही ओरडला तरी समोरच्याच्या कानठळ्या बसत नाहीत, म्हणून हे पत्र.

काल कृषी सहायक आला होता. समाजमंदिराच्या ओट्यावर बसून त्यानं बांधबंदिस्तीची यादी वाचली. खालच्या शिवारातल्या नाल्याचं काम आहे, रस्त्याकडच्या शेतांना बांध आहेत. आपल्या माळाचं नावच नाही. माळावरच्या शिवहारनं विचारलं, "आमचं काहून न्हाई, साहेब?" तो म्हणाला, "तुमच्याकडची धूप मर्यादेत आहे. हिंगोलीच्या प्रकल्पानं मोजून दिलंय. भीमराजरावांच्याच शेतात मोजलंय की." सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. शिवहारला तर तेवढंच पाहिजे असतं. म्हणाला, "दादा, तुमी पाच वर्सं झाली बोंबलून राहिले, माती चालली, माती चालली. अन् मोजली तर बसलीच हाय की जाग्यावर!" लोक हसले. त्यांच्यात मलाही हसावं लागलं.

जूनमध्ये तू आणि तुझा तो मदतनीस शिवशंकर जीपमध्ये पत्रे घालून आलात. माझ्या उतारावर पत्र्यांनी एक लांबट वाफा आखलात, त्याच्या पायथ्याला टाकी पुरलीत. वाफ्यातून वाहून गेलेली माती टाकीत जमेल आणि ती मोजली की सगळ्या माळाचा हिशेब कळेल, असं तूच सांगितलंस. मला केवढी उभारी आली होती! वाटलं, आता माझ्या जिभेला आकड्याचा आधार मिळाला. त्या आकड्यानंच माझी जीभ कापली.

अहवाल मी मागून घेतला आणि वाचला. "धूप सह्य मर्यादेच्या आत." सह्य! कुणाला सह्य? हा शब्द आपल्या घराच्या जुन्या ओळखीचा आहे. गावाच्या खालच्या अंगाचं गढूळ पाणी माझ्या आज्याला सह्य आहे, हेही कुणीतरी असंच ठरवलं होतं. त्या ठरवणाऱ्यानं ते पाणी कधी तोंडाला लावलं नव्हतं. आज्याच्या पिढीनं गायरानाच्या या उतारावरचे दगड वेचून रान केलं. गावातल्या दुसऱ्या कुणाला ही जमीन नकोच होती, म्हणून ती आपल्याला मिळाली. ती आता डोळ्यांदेखत जाते आहे, आणि आपल्याच घरातली शिकलेली पोरगी लिहिते की जाऊ द्या, सोसेल.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत ही यादी पक्की होणार. त्याच्या आत मला उत्तर दे.

तुझा मामा,
भीमराज


हिंगोली
२५ नोव्हेंबर

आदरणीय मामा, सविनय जयभीम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तुमचा आवाज ऐकू आला. म्हणून आता शांतपणे लिहिते.

"सह्य" हा माझा शब्द नाही. आमच्या शास्त्रात त्याचा अर्थ साधा आहे. जमिनीखालचा दगड झिजून हळूहळू नवी माती होत असते. जेवढी माती गेली तरी जमिनीचा कस पुढच्या पिढ्यांपर्यंत टिकेल, तेवढी वर्षाला जायला हरकत नाही असं धरतात. खोल काळ्या जमिनीला ही मर्यादा हेक्टरी साधारण अकरा टन धरतात. ऐकायला खूप वाटतं. पण अकरा टन म्हणजे सगळ्या शेतावरून भाकरीच्या पापुद्र्याएवढाही थर नाही. म्हणूनच ते डोळ्यांना दिसत नाही आणि टाकी लागते.

तुमच्या वाफ्यातून हंगामभरात हेक्टरी सात टनांच्या हिशेबानं माती आली. सात हे अकरापेक्षा कमी आहे. मी दुसरं काय लिहायचं होतं?

खरं सांगू? आकडा बघून मला आनंद झाला होता. तुमच्या एवढ्या उतारावरून मी कितीतरी जास्त धरून चालले होते. पाऊस पडून गेल्यावर शिवशंकर जायचा तेव्हा टाकीत पाणी असायचं, पण तळ जवळजवळ निवळ. तो म्हणायचा, "मॅडम, तुमच्या मामांनी रानाला काय तुरटी लावलीय का?" मी कौतुकानं सांगायची, की आमच्या मामांनी सोयाबीनमध्ये आडवी तूर घेतली आहे, धुऱ्याला गवत राखलं आहे, त्याचा हा गुण आहे. अहवालातही मी ते लिहिलं. तुमच्या नावानं कौतुकाचं वाक्य आहे त्यात, ते तुम्ही वाचलंच नसेल.

मामी कशी आहे? दोन वेळा फोन केला, तिनं उचलला नाही.

तुमची,
पल्लवी


बोरमाळ
३ डिसेंबर

चि. पल्लवी, जयभीम.

कौतुकाचं वाक्य वाचलं. ते कापून ठेवून दे. माझ्या मयतीला वाच.

तू पापुद्र्याचं गणित सांगतेस. मी तुला डोळ्यांचं सांगतो. माझ्या शेताच्या खाली नामाजीचं शेत आहे. मधला धुरा पूर्वी त्याच्या बाजूनं माझ्या खांद्याला लागायचा. आता तिथं तो गुडघ्याएवढाच राहिलाय आणि माझ्या बाजूला दगड उघडे पडलेत. धुरा जागच्या जागी आहे. माझी जमीन खाली बसली आणि त्याची वर आली. परवा तो मला काय म्हणाला माहीत आहे? "भीमराज, तुझी जमीन माझ्या घरी नांदाया आली बघ. सुखात हाय. काळजी करू नको." मी म्हणालो, "मग पोरीच्या बापाला देज म्हणून दोन पोते हळद तरी पाठव." तो हसला. नामाजी वाईट माणूस नाही. उताराच्या खाली असणं एवढंच त्याचं पुण्य.

आणि तू म्हणतेस टाकीचा तळ निवळ होता! सप्टेंबरच्या पावसात नाल्याचं पाणी कोऱ्या चहासारखं वाहत होतं. सगळ्या माळाचं पाणी गढूळ आणि तुझ्या टाकीतलं तेवढं गंगाजळ? मग त्या वाफ्यातली माती गेली कुठं? की शिवशंकर घरी बसून आकडे भरत होता? की तुमच्या साहेबाला आधीच यादी पक्की करायची होती आणि आकडा मागून आला? मला कुणावर आळ घ्यायचा नाही, पण प्रश्न विचारायला माझं तोंड कुणी शिवलेलं नाही. नोकरी कंत्राटी असली की माणसाच्या हाताला कंप सुटतो, हे मला कळतं. पण सही करताना तरी कंप थांबवायचा असतो.

ग्रामसभेत मी तुझ्या अहवालाच्या चिंध्या करणार आहे. तू भाची आहेस म्हणून एकही चिंधी शिल्लक ठेवणार नाही.

मामीची मान जरा अवघडली आहे. मेथीचे लाडू दोन दिवसांत एसटीनं पाठवते म्हणते. बाकी ठीक.

भीमराज


हिंगोली
१२ डिसेंबर

मामा,

लाडू आले नाहीत. आले असते तरी खाल्ले नसते.

मी सातवीपासून तुमच्या घरी शिकले. तुम्ही मला सभांना शेजारी घेऊन बसायचात, आणि समोरचा कितीही मोठा असला तरी विचार म्हणायचात. म्हणून विचारते. शिवशंकर पावसात मोटारसायकलवरून हट्टा गावापर्यंत आणि तिथून चिखल तुडवत तुमच्या माळापर्यंत यायचा, त्याला घरी बसून आकडे भरणारा म्हणताना तुमची जीभ अडखळली नाही का?

टाकीत जे होतं ते मी लिहिलं. जे नव्हतं ते लिहिणार नाही. तुमच्यासाठी नाही, साहेबासाठी नाही.

पण तुमचा एक प्रश्न खरा आहे आणि तो माझ्या डोक्यातून जात नाही. माती गेली कुठं? मी शिवशंकरला बसवून पुन्हा सगळं विचारलं. तो आठवून म्हणाला की एक-दोनदा टाकीच्या तळाशी बोटांच्या रेघा दिसल्या होत्या. परात पुसून घेतल्यासारख्या. त्याला वाटलं कुणाचं तरी लेकरू खेळलं असेल.

मामा, टाकीला कुणी हात लावू नका, असं मी जूनमध्ये तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ते कुणाकुणाला सांगितलं होतं?

पल्लवी


बोरमाळ
२७ डिसेंबर

पल्लवी, पोरी, जयभीम.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. मी नांदेडला होतो. दवाखान्यात. तुझ्या आईला कळवू नको म्हणून तुझ्या मामीनंच बजावलं होतं, म्हणून फोन केला नाही. आता ती घरी आहे. गळ्याला पट्टा आहे.

सगळं सांगतो.

तुझं पत्र आलं तेव्हा मी रागातच होतो. तुझी मामी रुक्मा चुलीपुढं बसली होती. मी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणजे तिलाही कळावं भाची किती तोंडाळ झाली आहे. बोटांच्या रेघांपाशी आलो तशी ती म्हणाली, "मीच नेला तो गाळ."

मी म्हणालो, "कुठला गाळ?"

"टाकीतला. पाऊस उघडला की घमेल्यात भरायचा अन् रानाच्या वरच्या टोकाला न्यायचा. लई मऊ होता. पाणी तसंच ठेवत होते, तपासाया येतो त्या पोराला पाणी लागतंय म्हणून."

"अगं, तो मोजायचा होता!"

"मोजून काय त्याचं लोणचं घालायचं होतं? आपली माती, आपल्या रानात टाकली. चोरी केली व्हय?"

"पण कुणाला विचारायचं तरी!"

"कोणाला इचारू? तुमी वसमतला सभेला. पोरगी आली, पत्रे ठोकले, च्या पिली, गेली. हे काहून चाललंय ते मला कोन सांगितलं? मला वाटलं, आपली माती खाली नामाजीकडं जाऊ नये म्हणून लेकीनं टाकी बसवून दिली. चांगलं वाटलं. धुऱ्यापाशी वाकून वाकून माती भरायची, त्याच्यापेक्षा टाकीतून उचलाया सोपं."

पल्लवी, मी तुझं पत्र घडी करून तिच्याशेजारी चुलीपुढं बसलो. मी! तुला विश्वास बसणार नाही.

कारण तिनं दुसरीही गोष्ट सांगून टाकली होती आणि तिच्या लक्षातही आलं नव्हतं. धुऱ्यापाशी वाकून वाकून. हे ती लग्न होऊन आल्यापासून करते आहे. तिच्या सासूनं शिकवलं. मोठा पाऊस झाला की खालच्या धुऱ्याला अडकलेली माती घमेल्यात भरायची आणि डोक्यावरून चढावर नेऊन पसरायची. माळावरच्या सगळ्याच बाया करतात. मी रोज बघतो. बघतो म्हणजे काय, बाई डोक्यावर काहीतरी घेऊन चालली आहे हे दिसतं. काय घेऊन चालली आहे आणि काहून, हे मी कधी विचारलं नाही. मी समतेवर बोलायला गावोगाव जातो. तू सांगितलेला निरोप, टाकीला हात लावू नका, मी शिवहारला सांगितला, त्याच्या पोरांना सांगितला, नामाजीच्या गड्याला सांगितला. घरात सांगितला नाही.

त्याच आठवड्यात ती रानात पडली. डोक्यावर काही नव्हतं, नुसती तुरीच्या ओळीतून चालत होती. उजवा हात उचलेना, तोंडातून शब्द फुटेना दुखण्यानं. वसमतच्या डॉक्टरनं नांदेडला पाठवलं. तिथला डॉक्टर म्हणाला, मानेतली गादी सरकली आहे, नस दबली आहे. यापुढं डोक्यावर वजन घेतलं तर हात कायमचा जाईल. मी विचारलं, "कशानं झालं?" तो म्हणाला, "वर्षानुवर्षं ओझं वाहिलं असणार. विटा उचलतात का?" रुक्मा खाटेवरून म्हणाली, "न्हाई डाक्टर. माती. घरचीच."

आता ऐक. माझ्या शेताची धूप मर्यादेत कशी राहिली ते तुला कळलं ना? ती मर्यादा म्हणजे रुक्माची मान होती. तुझ्या शास्त्रानं जे सह्य धरलं ते एका बाईनं डोक्यावर सहन केलं.

आणि पुढचा पावसाळा आला की ती पुन्हा घमेलं उचलणार. मी ओरडेन, ती ऐकणार नाही. पट्टा काढून ठेवील आणि मी सभेला गेलो की उचलील. तिला ओळखतेस तू. तिला थांबवायचं तर माती वरच थांबली पाहिजे, आणि माती थांबवायची तर आडवे बांध पाहिजेत. या यादीत नाव आलं नाही तर पुढची यादी कधी निघेल देव जाणे, आणि मी देव मानत नाही.

म्हणून तुला हात जोडून मागतो. सात खोडून टाक. वीस लिही. रुक्मानं नेलेली घमेली धरली तर वीस सहज होतील. तो खोटा आकडा होणार नाही, फक्त उशिरा लिहिलेला होईल. एवढं कर.

मामा


हिंगोली
६ जानेवारी

मामा, जयभीम.

परवा तुम्ही वसमतला गेला होता तेव्हा मी मामीला भेटून गेले. तिनंच तुम्हाला सांगू नको म्हटलं. "त्येला कळलं की पुन्ना भाषण सुरू करंल, माझी मान तशीच दुखून राहिली." मला रडू आलं आणि हसू आलं. मी तिचे पाय धरले. जूनमध्ये मी तिच्या हातचा चहा प्यायले आणि तिला एक शब्द सांगितला नाही. तुम्ही घरात बोलला नाहीत, आणि मीही तुम्हाला सांगितलं म्हणजे घराला सांगितलं असं समजले. पाच वर्षं जमीन शिकले, आणि शेतात माती कोण उचलतं हे मला शिकवलं गेलं नाही, मी विचारलंही नाही.

आता वीसचं. लिहिणार नाही.

रागावू नका, शेवटपर्यंत वाचा. तुम्हीच लिहिलं होतं, कागदावर ओरडलं तरी कानठळ्या बसत नाहीत. मामीला मी विचारलं, किती घमेली नेलीस? ती म्हणाली, "घमेली कोन मोजतं?" मग वीस कुठून आणू? उद्या कुणी तपासायला आलं तर म्हणेल, भाचीनं मामासाठी आकडा फुगवला. त्यानंतर माळावरच्या माणसाचं खरंही कुणी ऐकणार नाही. तुमच्या शब्दाची एवढी मोठी किंमत मी एका यादीपायी मोजणार नाही.

मी एवढं केलं आहे. टाकीतला गाळ हंगामात काढला जात होता, म्हणून हे मोजमाप ग्राह्य धरू नये, असं लेखी दिलं आणि अहवालावरची माझी सही मागं घेतली. साहेब म्हणाले, "तुझ्याच मामाचं शेत, तुझीच मामी, आणि तोंड काळं प्रकल्पाचं." माझं कंत्राट मार्चमध्ये संपतं. ते वाढेल असं आता वाटत नाही. तुम्ही लिहिलं होतं ना, सही करताना कंप थांबवायचा असतो. मागं घेताना जास्त सुटतो, मामा.

पण साहेबांच्या म्हणण्यानं मोजमाप रद्द झालं तरी माळ यादीत येत नाही. पुन्हा मोजायला पुढचा पावसाळा लागेल. म्हणून मी दुसरीकडून बघायला लागले. माती किती गेली यावर आपण दोन महिने भांडलो. किती उरली आहे, हे आपण दोघांनीही विचारलं नाही.

अकरा टनांची मर्यादा खोल जमिनीची आहे, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मुरमावर वीतभर माती असेल तर तिला अकरा टन कसे सोसतील? ज्याच्या घरात कणगी भरलेली आहे त्याचं पायलीभर धान्य सांडलं तर चालतं. ज्याच्याकडं पायलीच आहे त्याचं काय? अशा उथळ जमिनीला दोन-अडीच टनांपेक्षा जास्त सोसत नाही असं आमचीच पुस्तकं सांगतात. मग तुमच्या शेताला अकराची मर्यादा कुणी लावली? मीच. नकाशात बोरमाळची सगळी जमीन "खोल काळी" दाखवली आहे, म्हणून. आणि नकाशात तसं कशावरून आलं? मी जुने कागद काढले. खोली बघायला सगळ्या गावात एकच खड्डा घेतला होता. रस्त्याला लागून, जीप जाते तिथं. नामाजीच्या शेतात.

तुमचीच माती मोजली मामा, फक्त ती जिथं जाऊन बसली आहे तिथं.

म्हणजे माझा सातचा आकडा चुकीचा आहे, खरा त्याहून मोठाच असणार. पण तो आहे तसा धरला तरी तो तुमच्या जमिनीच्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर जातो. फक्त माती उथळ आहे हे दिसलं पाहिजे. एका शेतात नाही, सगळ्या माळावर. मी एकटीनं सांगून साहेब ऐकणार नाहीत, आणि २६ तारखेच्या आत गाडीही देणार नाहीत. पण ग्रामसभेला कृषी सहायक येणार आहे. उघडे खड्डे त्याच्या पायाशी असतील तर त्याला पंचनामा करावाच लागेल. ठरावासोबत तो जोडला तर यादीत बदल करायला वाव आहे, एवढं मी विचारून घेतलं आहे. होईलच असं वचन देत नाही.

मामीला घमेलं उचलू देऊ नका. त्यासाठी सभा चुकवावी लागली तरी चालेल.

तुमची,
पल्लवी


बोरमाळ
१६ जानेवारी

चि. पल्लवी, जयभीम.

तुझं पत्र मी रुक्माला वाचून दाखवलं. कणगी आणि पायलीपाशी ती म्हणाली, "आता बोलली पोरगी शहाण्यावानी." तुझ्या कंत्राटाचं तिनं मला दोनदा वाचायला लावलं. मी लिहिलेले ते शब्द मला परत घेता आले असते तर घेतले असते. ते येत नाहीत, म्हणून माफी मागतो. शिवशंकरचीही मागतो. त्याला हे वाचून दाखव.

मी घरोघरी गेलो. वाटलं होतं लोक उड्या मारत कुदळी काढतील. शिवहारनं दारातूनच हात जोडले. "दादा, तुमचं बराबर हाय. पन आमच्या पोरीची, आकांक्षाची, सोयरीक चालू हाय. पाव्हण्याला सांगितलंय काळी जमीन हाय म्हणून. आता खड्डा खोदून मुरूम दाखवू व्हय?" दुसऱ्या घरी तेच. जमीन उथळ निघाली तर भाव पडतो, पोराला पोरगी मिळत नाही, भाऊबंद हसतात. माळावरचा प्रत्येक जण आपल्या रानाची खोली जाणतो आणि प्रत्येक जण ती शेजाऱ्यापासून लपवतो. मग नकाशावाल्यांनी नामाजीच्या रानात खणलं, यात एकट्या त्यांचाच काय दोष?

म्हणून मी आज पहिला खड्डा माझ्या रानात घेतला, शेताच्या वरच्या टोकाला. चौथ्या घावाला कुदळ ठणकली. एक वीत, तीही पुरी नाही. सभेत ज्या जमिनीला मी छाती फुगवून आमची काळी, आमची काळी म्हणतो, ती एवढीच उरली आहे. रुक्मा पट्टा लावून शेजारी उभी होती. खड्ड्यात बघून म्हणाली, "एवढीच व्हय?" आणि पदर तोंडाला लावला. एवढी वर्षं डोक्यावर वाहूनही एवढीच.

संध्याकाळपर्यंत शिवहार येऊन खड्डा बघून गेला. जाताना काठ हातानं चाचपून गेला.

खाली लिहिलं आहे ते उद्या घरोघरी वाटणार आहे. चुकलं असेल तर कळव, पण वाटायचं थांबवणार नाही.

भीमराज

वरच्या माळावरच्या भावांनो आणि बहिणींनो,

आपली माती गेली हे आपण ओरडून सांगितलं आणि आपल्याला सांगण्यात आलं की ती सोसण्याएवढीच गेली. ती मर्यादा दुसऱ्याच्या भरलेल्या रानावरून ठरवली होती. आपल्या रानाची खोली कुणी बघितली नाही, कारण आपणच ती झाकून ठेवली. सोयरिकीपायी झाकली, अब्रूपायी झाकली. मी विचारतो, ज्या जमिनीनं लेकरं जगवली ती पातळ झाली म्हणून लाज आपल्याला वाटावी का? तिला धरून ठेवण्यासाठी आपल्या घरच्या बायांनी मान मोडेपर्यंत घमेली वाहिली. लाज वाटायची असेल तर ती आपण पुरुषांनी न बघितल्याची वाटू द्या. उथळ जमिनीची नाही.

माझ्या रानातली माती वीतभरही नाही. हे मी माझ्या नावानिशी लिहून देतो. ज्याला हसायचं आहे त्यानं येऊन खड्ड्याच्या काठावर उभं राहून हसावं.

मोजणारे पुन्हा कधी येतील ठाऊक नाही. पण कृषी सहायक २६ तारखेला गावात आहे आणि पावसाळा त्याच्यामागोमाग आहे. आपल्याला ना जीप लागते, ना यंत्र, ना कुणाची परवानगी. येत्या रविवारी सकाळी कुदळ घ्या, आपापल्या शेताच्या वरच्या टोकाला जा, मुरूम लागेपर्यंत खणा आणि तो खड्डा ग्रामसभेपर्यंत उघडा ठेवा.